फळ्यामागचे डबे, कपाटातला टीव्ही

शाळेबद्दल बोलताना मराठी माणूस अजूनही जुनी हत्यारं वापरतो. नव्या कामाचा ‘ओनामा’ होतो, थोरांचा ‘कित्ता’ गिरवला जातो, एखाद्या विषयात आपली ‘पाटी कोरी’ असते. ‘धुळाक्षरं’ हा शब्दही शब्दकोशात सुखरूप आहे. यातली बहुतेक साधनं वर्गातून कधीच हद्दपार झाली. धूळ गेली, बोरू गेला, दगडी पाटी गेली. भाषेत मात्र ती अशी काही रुतून बसली आहेत की त्यांना आपण ‘तंत्रज्ञान’ म्हणत नाही. तो शब्द आपण पडद्यासाठी राखून ठेवला आहे. ‘शाळेत तंत्रज्ञान आलं’ असं म्हटलं की डोळ्यांसमोर प्रोजेक्टर, टॅब, क्यूआर कोड येतात आणि त्याआधीची दोनशे वर्षं जणू रिकामी होती असा बोलण्याचा सूर असतो.

मला ही दोनशे वर्षं चार-पाच वस्तूंच्या मागे चालत जाऊन पाहायची आहेत. वस्तू वर्गात कुठे ठेवली गेली, तिला हात लावायची मुभा कुणाला होती आणि ती आल्यावर शिकवणाऱ्याचं काय झालं, एवढंच पाहायचं आहे.

सुरुवात धुळीपासून करावी लागते. पंतोजीच्या शाळेला स्वतःची इमारत नसे. देवळाची ओसरी, कुणाच्या वाड्याची पडवी किंवा पंतोजीचं घर हीच शाळा. लाकडी फळकुटावर बारीक धूळ किंवा विटेची भुकटी पसरायची, काडीने अक्षर काढायचं, हाताने सपाट करायचं, पुन्हा काढायचं. फळकूट नसलं तर जमीन होतीच. हात बसला की बोरू, शाई आणि मोडीचा कित्ता. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून परवचा आणि पाढे. नुसते दोन ते तीसचे नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. बाजारात साडेतीन शेर धान्याचा हिशेब तोंडी करणाऱ्या समाजात ती चैन नव्हती, गरज होती.

या शाळेत ‘वर्ग’ नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इयत्ता नाही, एका वयाची पोरं एका रांगेत नाहीत. एकजण मुळाक्षरांवर, दुसरा बाराखडीवर, तिसरा पत्रलेखनावर, आणि पंतोजी त्यांच्यातून फिरणारा. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३ मध्ये इक्केरीकडे जात असताना त्याने वाटेत एका देवळाच्या ओसरीवर चार मुलं पाहिली. एकजण सुरात आकडे म्हणत होता, म्हणता म्हणता बोटाने बारीक वाळूत लिहीत होता, आणि उरलेले तिघं त्याच्यामागून म्हणत लिहीत होते. ओसरी भरली की पुसून नवी वाळू. मास्तर जवळपास नव्हता. ‘तुम्ही चुकलात तर दुरुस्त कोण करणार?’ असं त्याने विचारलं. चौघं एकाच वेळी एकाच ठिकाणी कसे चुकतील, असा मुलांचा उलट सवाल होता. ‘पिअर लर्निंग’ या नावाखाली आज जी प्रशिक्षणं होतात, त्यांत ही चार पोरं पाहुणे म्हणून बोलवायला हवीत.

पण या ओसरीचं फार कौतुक करायला मी तयार नाही. देवळाच्या ओसरीवर कोण चढू शकत होतं हे आपल्याला ठाऊक आहे. धूळ फुकट होती, गावभर होती, तरी तिच्यात अक्षर काढायचा अधिकार मूठभर जातींच्या मुलग्यांपुरता होता. साधन स्वस्त झालं म्हणजे ते सगळ्यांपर्यंत पोचतं, हा आजचा लाडका समज तिथेच उघडा पडतो.

या धुळीने पुढे एक मजेशीर प्रवास केला. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ मध्ये मद्रासमधल्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख झाला. तिथल्या एका देशी शाळेत त्याने वाळूत अक्षरं गिरवणारी मुलं पाहिली आणि हीच रीत आपल्या शाळेत सुरू करा असं मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. तेव्हा त्याने आठेक वर्षांच्या एका मुलालाच धाकट्यांना शिकवायला बसवलं, आणि ते जमलं. १७९७ मध्ये त्याने यावर इंग्लंडमध्ये पुस्तिका छापली. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने याच धर्तीची शाळा उभी केली. एक भलं मोठं दालन, एक मास्तर, शेकडो मुलं. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, पुस्तकं महाग म्हणून भिंतीवर तक्ते टांगायचे, लहानांना वाळूचं टेबल आणि मोठ्यांना दगडी पाटी. कारखान्यांच्या त्या काळात ही पद्धत इंग्लंडभर पसरली. आणि १८२० च्या दशकात, पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने मुंबई इलाख्यात नव्या शाळा काढायचं ठरवलं, तेव्हा तिने ‘सुधारलेली पद्धत’ म्हणून हीच लँकेस्टर पद्धत आणली. ओसरीवरून गेलेली वस्तू बोटीतून विलायती होऊन परत आली, आणि पंतोजी मागासलेला ठरला.

परत येताना ती अर्थातच बदलून आली होती. ओसरीवर प्रत्येक पोर आपापल्या चालीने चालत होतं. नव्या शाळेत तुकडी, हजेरी, ठरलेला वेळ आणि छापील पुस्तक होतं. यातली सगळ्यात मोठी उलथापालथ छापील पुस्तकाने केली असं मला वाटतं. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही भाषांतरं आली. तोवर मोडीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या समाजाच्या पोरांपुढे बालबोध अक्षरातलं पान आलं, कारण छपाईला बालबोध सोयीची होती. हळूहळू मोडी हा वेगळा विषय झाला आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळेतून गेलाच. एका यंत्राच्या सोयीसाठी एका समाजाची रोजची लिपी मागे पडली. त्याची किंमत म्हणून आज दफ्तरखान्यांतल्या लाखो मोडी कागदांपुढे आपण निरक्षर आहोत. १८५५ मध्ये सरकारी शिक्षण खातं आलं, पाठोपाठ मेजर थॉमस कँडीच्या देखरेखीखालची क्रमिक पुस्तकं आली, आणि सावंतवाडी असो की धुळे, पोरं तोच धडा वाचू लागली. मास्तर काय शिकवतो आहे हे न ऐकता, नुसतं पानाचा आकडा विचारून तपासता येऊ लागलं. तपासनीस साहेबाची नोकरी त्या पानाच्या आकड्यावर उभी आहे.

दगडी पाटीबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण तिच्याविषयी आपण नेहमी गहिवरून बोलतो. पाटी पुसायला थुंकी, मग शिस्त म्हणून ओला बोळा, पेन्सिलीचा कर्रर आवाज, चोरून पेन्सिल खाणारी पोरं. त्या पेन्सिली बऱ्याचशा मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागातून येत. दगड यांत्रिक करवतीने कापून कांड्या केल्या जात, आणि कापताना उडणारी सिलिकेची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत बसे. सिलिकोसिसने ऐन तारुण्यात माणसं मेली. प्रकरण इतकं वाढलं की १९८२ मध्ये मध्य प्रदेश सरकारला स्लेट पेन्सिल कामगारांसाठी कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. धूळपाटीवरून मुलाला उठवलं, तेव्हा धूळ दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला गेली. शाळेच्या स्वस्त वस्तूंचा इतिहास लिहिताना हे पान सहसा गाळलं जातं.

आता फळा. भूगोल शिकवण्यासाठी मोठा फळा वापरण्याचं श्रेय एडिंबराच्या जेम्स पिलन्सला दिलं जातं, अमेरिकेत १८०१ च्या सुमारास वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत तो वापरात आला. कुणी का शोधला असेना, त्याने खोलीची दिशाच बदलली. धूळपाटीवर मूल खाली पाहतं, स्वतःच्या अक्षराकडे. फळ्यामुळे चाळीस मानी एका दिशेला वळल्या. खोलीला पुढची आणि मागची बाजू मिळाली, आणि पहिल्या बाकावर कोण आणि शेवटी कोण हा प्रश्न जन्माला आला.

आपल्याकडे त्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. १८२४ च्या आपल्या टिपणात एल्फिन्स्टनने लिहून ठेवलं होतं, की मिशनऱ्यांना सगळ्यात खालच्या जातींतली मुलं उत्तम विद्यार्थी वाटतात, पण सुरुवात त्यांच्यापासून केली तर शिक्षण वर पसरणार नाही, म्हणून जपून पावलं टाकावीत. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला तेव्हा तो नाकारला गेला. इतर मुलं शाळा सोडतील ही भीती त्यामागे होती. पुढे कागदावर दारं उघडली, पण आत जागा कुठली? साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना बसायला घरून गोणपाट न्यावं लागे आणि ते संध्याकाळी परत घरी आणावं लागे, कारण शाळा झाडणारा गडी त्याला शिवत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलातला प्रसंग धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. मास्तरांनी गणित सोडवायला त्यांना फळ्यापाशी बोलावलं. फळ्याच्या मागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. भीमराव फळ्याला हात लावण्याआधी पोरं धावली आणि आपापले डबे बाजूला काढून घेतले.

फळा सगळ्यांसाठी होता, सगळ्यांना सारखाच दिसत होता. तंत्रज्ञानाच्या अंगाने पाहिलं तर तो कमालीचा समतावादी. ‘पोच’ या शब्दावर आज शिक्षणातले सल्लागार जीव टाकतात, तेव्हा मला ते डबे आठवतात. दिसणं ही पोच नव्हे. उठून तिथवर जाता येणं, हात लावता येणं, चुकीचं लिहून पुसता येणं, ही पोच.

शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही फळा सगळीकडे पोचला नव्हता. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू करून देशातल्या सुमारे २५० शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक दिले. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा भाग म्हणून, त्याच सरकारला ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ सुरू करावं लागलं. आपल्याकडे ती खडू-फळा मोहीम म्हणून ओळखली गेली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन बऱ्यापैकी खोल्या, दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक शिक्षिका, आणि फळा, नकाशे, खेळणी असं किमान साहित्य. संगणक आधी आणि फळा नंतर, असा आपला क्रम आहे. यात कुणाची कुचेष्टा करायची नाही, दोन्हींची गरज होती. पण या देशात नवं साधन जुन्याची जागा घेतं असं जे म्हटलं जातं ते खरं नाही, एवढं यातून दिसतं. इथे सगळी साधनं एकाच वेळी जिवंत असतात, वेगवेगळ्या गावांत.

या दोन टोकांच्या मध्ये दूरचित्रवाणी येते, आणि माझ्या मते महाराष्ट्राच्या दृष्टीने सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात ‘साइट’ हा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचवला. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपला नंबर लागला तो पुढच्या टप्प्यात. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेला आणि शैक्षणिक कार्यक्रमांसाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र आला. अशा राज्यांत कार्यक्रम बनवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेला आपण ‘बालचित्रवाणी’ या नावाने ओळखतो. सेनापती बापट रस्त्यावर, १९६७ पासून पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या बालभारतीच्या शेजारी तिचं बस्तान होतं. एका आवारात छापील पान, दुसऱ्यात हलतं चित्र.

ज्यांचं बालपण त्या काळात गेलं त्यांना सकाळच्या त्या कार्यक्रमांची वेळ अजून आठवते. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही टीव्ही आला होता. तो लाकडी कपाटात राही, कपाटाला कुलूप, आणि किल्ली हेडमास्तरांकडे. हेडमास्तर पंचायत समितीच्या बैठकीला गेले की उपग्रह आकाशात फिरत राही आणि आम्ही कपाटाकडे पाहत बसू. किल्ली असली तर वीज नसे, वीज असली तर अँटेना वाऱ्याने फिरलेला असे. या सगळ्यातून ज्या दिवशी चित्र लागलं त्या दिवशी चार वर्ग एका खोलीत दाटीवाटीने बसत. पहिलीतलं पोर आणि चौथीतलं पोर मांडीला मांडी लावून एकच गोष्ट पाहत. पुन्हा ओसरीच झाली होती ती. कार्यक्रम संपल्यावर आमचे एक गुरुजी टीव्ही बंद करून विचारत, ‘आता यात खोटं काय होतं ते सांगा.’ बाईंच्या साडीला इस्त्री होती, शेतातल्या बैलाला गोंडे होते, असं आम्ही ओरडून सांगायचो. माध्यमसाक्षरता हा शब्द त्यांनी ऐकला असेल असं वाटत नाही.

टीव्हीने शिक्षकाला पहिल्यांदाच बाजूला उभं केलं. फळ्यापाशी तो मध्यभागी होता, पडद्यापाशी तो बटण दाबणारा झाला. बालचित्रवाणीचे चांगले कार्यक्रम ही जागा ओळखून बनवलेले असत. प्रश्न विचारून ते थांबत आणि पुढचं काम गुरुजींवर सोडून देत. पण ते काम करायला गुरुजींना कधी मोकळा तास, कधी दोन दिवसांचं धड प्रशिक्षण मिळायला हवं होतं. यंत्राची किंमत अर्थसंकल्पात दिसते, शिक्षकाच्या वेळेची दिसत नाही.

पुढची कथा थोडक्यात संपते. केंद्राकडून येणारा पैसा आटला, राज्याने जबाबदारी नीट उचलली नाही, कर्मचाऱ्यांचे पगार वर्षानुवर्षं थकले, आणि २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद करण्यात आली. डिजिटल युगात टीव्हीचं काय काम, असा एकंदर समज होता. बरोबर तीन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाची अभ्यासमाला मोबाइलवरून येऊ लागली. त्या वर्षी ‘असर’ने फोनवरून केलेल्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण शाळकरी मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे वाढ मोठी. पण पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुलं जेमतेम एक तृतीयांश होती. फोन घरात असणं आणि तो मुलाच्या हातात असणं यांत बाप कामाला जाण्याची वेळ आडवी येत होती. कपाटाची किल्ली आता बापाच्या खिशात होती.

तेव्हा सगळ्यांना टीव्ही आठवला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली. एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने ती तयार केली होती. घरातल्या, अंगणातल्या वस्तू घेऊन करायच्या कृती त्यात होत्या, आणि मालिका चांगली होती. पण मुलांसाठी मराठीत टीव्ही कसा बनवायचा याचं तीन दशकांचं ज्ञान ज्या संस्थेत साठलं होतं, तिला कुलूप लागून तीन वर्षं झाली होती, ही गोष्ट त्या गडबडीत फारशी कुणी काढली नाही. मला हा आपल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या इतिहासातला सगळ्यात खर्चिक निर्णय वाटतो. यंत्र पुन्हा विकत घेता येतं. कॅमेऱ्यासमोर सात वर्षांच्या मुलाशी कसं बोलावं हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस निवृत्त होऊन घरी बसला की संपलं.

त्याच महिन्यांत दुसरीकडे जुनी साधनं आपोआप वर आली. पालघर जिल्ह्यात मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांत ‘बोलकी शाळा’ या उपक्रमात ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ्यपुस्तकातले धडे रंगवून काढले. पोरं गल्लीतून फिरत, अंतर राखून भिंती वाचत. लँकेस्टरचे तक्तेच ते, फक्त उन्हात.

याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातलं निम्मं त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकलं. बातम्यांत गाजले ते त्यांचे पुस्तकातले क्यूआर कोड, जे पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले. मला मात्र त्यातली दुसरी, कमी छापून आलेली गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. डिसले गुरुजींनी ती शिकून घेतली आणि पाठ्यपुस्तकांचा मजकूर त्या भाषेत नेला. क्यूआर कोड हा त्यानंतरचा टप्पा होता. ज्या शाळांनी नुसता दुसरा टप्पा उचलला, तिथे पुस्तकाच्या कोपऱ्यात एक काळा-पांढरा चौकोन आला आणि तिथेच राहिला.

गेल्या दहा वर्षांत लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ झालेल्या शाळाही मी बऱ्याच पाहिल्या. पष्टेपाड्यासारख्या शहापूर तालुक्यातल्या छोट्या शाळेचं उदाहरण पाहून गावोगावी लोकांनी पैसे काढले. कुणी बैल विकल्याचे, कुणी वर्गणीसाठी दारोदार फिरल्याचे किस्से ऐकायला मिळतात. सरकारी शाळेवर गावाचा जीव होता याचा हा पुरावा आहे, आणि तो कुणी हलक्यात घेऊ नये. वीजबिलाचा प्रश्न मात्र त्या वर्गणीत बसत नव्हता. बिल थकल्यामुळे अनेक शाळांची वीज तोडली गेली आणि पडदे मुके झाले.

अलीकडेच एका शाळेत गेलो होतो. वर्गात नवा, भिंतभर स्पर्शपडदा लागला होता. फळ्याची जागा अर्थातच त्याने घेतली होती, आणि फळा काढून बाजूच्या भिंतीवर, खिडकीसमोर ठोकला होता. पडदा बंद होता. बाई बाजूच्या फळ्यावर हातच्याची वजाबाकी शिकवत होत्या. उन्हाची तिरीप फळ्यावर पडून अर्धी गणितं चमकत होती, आणि डावीकडच्या रांगेतली पोरं मान वाकडी करून, एकमेकांच्या वहीत डोकावून ती उतरवून घेत होती. एक मुलगी उठली, फळ्यापाशी गेली, हातच्याचा एक विसरला होता तो तिने खडूने वर लिहिला आणि परत येऊन बसली. बाईंनी तिला बोलावलं नव्हतं.